बीपीची गोळी: पाथर्डीच्या काउंटरवरून

पाथर्डीत माझं मेडिकल आहे. नव्वदच्या दशकात डी.फार्म. करून आलो, दुकान टाकलं, आणि तेव्हापासून काउंटरच्या या बाजूला उभा आहे. डॉक्टरांपुढे पेशंट चार-पाच मिनिटं बसतो. आमच्याकडे तो दर महिन्याला येतो, निदान यायला हवा असतो. कोण येतं आणि कोण यायचं थांबतं हे मेडिकलवाल्याला सगळ्यांच्या आधी कळतं. रक्तदाबाच्या औषधांवरचं संशोधन मी जमेल तसं वाचत आलो, कारण आपण विकतो ती गोळी नेमकं काय करते हे आपल्याला माहीत असावं. त्या वाचनातून आणि काउंटरवरच्या बोलण्यातून एक गोष्ट पक्की होत गेली. रक्तदाबावरची चांगली औषधं सापडून जमाना झाला, ती स्वस्तही झाली, सरकारी दवाखान्यात फुकट मिळू लागली. तरीही आमच्या तालुक्यात चाळिशी-पन्नाशीच्या माणसाला लकवा मारतो, कारण पाकिटातली गोळी रोज तोंडात जात नाही. खाली जे लिहिलंय ते यासाठीच.

१. बीपी दुखत नाही

"डोकं दुखायला लागलं की कळतं मला, बीपी वाढलंय. मग घेते गोळी," असं सांगणाऱ्या मावश्या प्रत्येक आठवडी बाजाराला भेटतात. डोकं दुखायला शंभर कारणं असतात: ऊन, उपास, चष्म्याचा नंबर, अपुरी झोप. उलट १६०-१७० रक्तदाब असलेल्या बहुतेकांना काहीच होत नाही. ते नांगरतात, खुरपतात, वरातीत नाचतात. आतल्या आत रक्तवाहिन्या कडक होत जातात, हृदयाची भिंत जाड होते, किडनीची चाळणी खराब होते, आणि यातलं काहीही अंगाला जाणवत नाही.

अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या दिमतीला डॉक्टरांची काय कमी असणार? मार्च १९४४ मध्ये हॉवर्ड ब्रुएन या हृदयरोगतज्ज्ञांनी त्यांना तपासलं तेव्हा रक्तदाब १८६/१०८ होता. देण्यासारखं त्या काळी फारसं काही नव्हतं. मीठ कमी करा, विश्रांती घ्या, हृदयासाठी डिजिटालिस, एवढंच. १२ एप्रिल १९४५ रोजी डोकं भयंकर दुखतंय म्हणून ते कोसळले. त्या वेळी मोजलेला रक्तदाब ३००/१९० होता आणि मेंदूत रक्तस्राव झाला होता. आज आमच्या सरकारी दवाखान्यात केसपेपर काढून जी गोळी मिळते, ती तेव्हा जगातल्या सगळ्यात बलाढ्य माणसालाही मिळू शकत नव्हती. हे मी गिऱ्हाइकांना मुद्दाम सांगतो, कारण फुकट मिळणाऱ्या वस्तूची किंमत आपल्याला कळत नाही.

२. झाडपाला असो की कारखान्यातली गोळी, तोलून-मापून घ्यावी लागते

"इंग्रजी गोळी नको, काही आयुर्वेदिक असलं तर द्या," असं म्हणणाऱ्यांना मी सर्पगंधेची गोष्ट सांगतो. आधुनिक रक्तदाब-उपचाराचं एक महत्त्वाचं पान आपल्या मुंबईत लिहिलं गेलं, हे महाराष्ट्रातल्या फार थोड्या लोकांना माहीत आहे.

सर्पगंधेची मुळी आपल्याकडे शतकानुशतकं वापरात होती. साप चावला तर, वेड लागलं तर, झोप येत नसेल तर. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती रक्तदाब उतरवते असं लिहिलं. १९३४ मध्ये हिमालय कंपनीने तिची 'सर्पिना' ही गोळी बाजारात आणली. पण जगाने लक्ष दिलं ते मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांच्यामुळे. त्यांनी ही मुळी वर्षानुवर्षं रुग्णांना दिली, रक्तदाबाच्या नोंदी ठेवल्या आणि ५० रुग्णांवरचे निष्कर्ष १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापले. किती जणांचा रक्तदाब किती उतरला, कुणाला काय त्रास झाला, ते सगळं त्यात होतं. तो निबंध वाचून अमेरिकेतले डॉक्टर ही मुळी वापरू लागले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रिसर्पिन हा घटक वेगळा काढला. १९५७ मध्ये डॉ. वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. वैद्यकशास्त्रात नोबेलच्या खालोखाल मानला जाणारा हा पुरस्कार.

मी दुकान टाकलं तेव्हा म्हातारी गिऱ्हाइकं 'अ‍ॅडेल्फेन' मागायची. तिच्यात हे रिसर्पिनच असायचं. पुढे तिची मागणी संपत गेली, आणि त्यालाही कारण आहे. रिसर्पिनने नाक चोंदतं, सुस्ती येते आणि मोठ्या डोसमध्ये काही माणसांचं मन इतकं खचतं की जीव नकोसा होतो. मुळी आपल्या मातीतली, औषध खरं, गुण खरा, आणि त्रासही खरा. झाडापासून आलेलं औषध निर्धोक असतं ही समजूत मी या गोष्टीवरून सोडून दिली. आपल्या परंपरेचा अभिमान वाटावा तर तो डॉ. वकिलांनी केलं त्या कामाचा वाटावा: मुळी घेतली, मोजलं, लिहिलं, जगापुढे ठेवलं. बीपीसाठी बिननावाच्या पुडीतला काढा विकणाऱ्याने यातलं एकही काम केलेलं नसतं.

याच धर्तीवरचं दुसरं उदाहरण ब्राझीलचं. तिथल्या जराराका नावाच्या विषारी सापाच्या विषाचा अभ्यास करताना जे सापडलं, त्यातून कॅप्टोप्रिल तयार झालं. १९८१ मध्ये ते अमेरिकेत मंजूर झालं. आज हजारो चिठ्ठ्यांवर असणारी एनालाप्रिल आणि रॅमिप्रिल त्याचीच भावंडं.

३. गोळी घेणारे आणि न घेणारे यांतला फरक कधीच सिद्ध झालाय

१९६७ पर्यंत पुष्कळ डॉक्टरांनाही वाटायचं की वाढलेला रक्तदाब शरीराला गरजेचाच असतो, उतरवला तर अपाय होईल. अमेरिकेत एडवर्ड फ्राइस यांनी माजी सैनिकांच्या रुग्णालयांमधल्या १४३ पुरुषांवर प्रयोग केला. या सगळ्यांचा खालचा रक्तदाब ११५ ते १२९ होता. अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. गोळी मिळालेल्यांत गंभीर घटना २ घडल्या, न मिळालेल्यांत २७. त्या खऱ्या गोळ्यांमध्ये आपल्या सर्पगंधेचं रिसर्पिनही होतं.

गोळीने काय फायदा, असं कुणी विचारलं की मी एवढे दोन आकडे सांगतो.

४. "वय अधिक शंभर" हा हिशेब चुकीचा आहे

सत्तर वर्षांच्या तात्यांचा रक्तदाब १७० निघाला की घरातलंच कुणीतरी म्हणतं, "वयाप्रमाणे बरोबर आहे." १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष आले. ६० वर्षांवरचे ४,७३६ लोक, फक्त वरचा आकडा वाढलेला, आणि सुरुवातीचं औषध क्लोरथॅलिडोन, जे आजही अगदी स्वस्त आहे. गोळी घेणाऱ्यांत लकव्याचं प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी झालं. २००८ मध्ये ८० वर्षांपुढच्या ३,८४५ जणांवरचा अभ्यास आला. त्यात औषध घेणाऱ्यांचे मृत्यू २१ टक्क्यांनी कमी होते, म्हणून तो अभ्यास मुदतीआधीच थांबवावा लागला.

म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत सावधपणा हवा तो वेगळा. औषध हळूहळू वाढवायचं, आणि डॉक्टरांना सांगून उभं राहिल्यावरचा रक्तदाबही मोजायचा. रात्री लघवीला उठल्यावर चक्कर येऊन पडले आणि खुबा मोडला तर सगळं घर आडवं होतं.

५. घाईत मोजलेला आकडा खोटा असतो

उन्हातून आलेला माणूस, एसटीतून उतरून धावत आलेला, तोंडात तंबाखूचा बार, शर्टाच्या बाहीवरच पट्टा गुंडाळलेला, आणि मोजणारा त्याच्याशी बोलतोय. असा घेतलेला आकडा १५८ आला तर त्यावरून काहीही ठरवता येत नाही. अलीकडे शिबिरांत हे फार चालतं. एका शिबिरात माणसं रांगेत उभी असतानाच त्यांचा रक्तदाब मोजताना मी पाहिलं. त्यातली कितीतरी घाबरून माझ्याकडे गोळी मागायला आली. त्यांना मी परत बसवून मोजायला लावलं, तर निम्म्यांचे आकडे बरेच खाली आले.

नीट मोजायला दहा मिनिटं लागतात. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, मिश्री काही नको. लघवी करून या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं शांत बसा. उघड्या दंडावर पट्टा, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आणि बोलायचं नाही. मग मिनिटाभराच्या अंतराने दोनदा मोजा. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा उगीच जास्त येतो. दवाखान्यात काहींचा रक्तदाब भीतीने वाढतो, काहींचा उलट तिथे नेमका चांगला येतो आणि घरी जास्त असतो. म्हणून घरी मोजायचं मशीन घेणाऱ्याला मी मनगटावरचं देत नाही, दंडावरचंच घ्या म्हणतो. आणि आकडा तारखेसह वहीत लिहा. त्या वहीमुळे डॉक्टरांचा अंदाज जातो आणि त्यांना नक्की काय ते दिसतं.

६. आकडा मोठा दिसला म्हणून तो तासाभरात पाडायचा नसतो

एक काळ होता, निफेडिपिनची मऊ कॅप्सूल सुईने टोचून जिभेखाली पिळायची पद्धत सगळीकडे होती. रक्तदाब झपकन उतरायचा आणि नातेवाइकांना समाधान वाटायचं. पण मेंदूला आणि हृदयाला अचानक रक्त कमी पडून त्यातच लकवा आणि हार्ट अटॅक आल्याची उदाहरणं जमत गेली. १९९६ मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात ही पद्धत थांबवा असं स्पष्ट लिहिलं गेलं. अजूनही कुणीतरी येतं आणि "ती जिभेखालची द्या" म्हणतं.

१८० च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, हातपाय लुळे पडणं, जीभ जड होणं, नजर अंधारणं यांतलं काहीही असेल तर मेडिकलला येऊ नका, १०८ ला फोन लावून थेट मोठा दवाखाना गाठा. यातलं काहीच नसेल तर शांत बसा, पुन्हा मोजा, आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जा.

७. त्रास होतो त्यावर उपाय असतो, गोळी सोडणं हा उपाय नव्हे

अ‍ॅम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांना सूज येते. रॅमिप्रिल-एनालाप्रिलने कोरडा खोकला लागतो, आणि तो खोकला महिनोन् महिने पातळ औषधं पिऊनही जात नाही, कारण तो सर्दीचा नसतोच. अटेनोलॉलने नाडी मंद होते, थकवा येतो. क्लोरथॅलिडोनने लघवी जास्त होते, कधी रक्तातलं सोडियम उतरतं. या गोष्टी खऱ्या आहेत, आणि पेशंटला त्या आधी सांगितल्या नाहीत तर तो आपणहून गोळी बंद करतो. खोकला लागला तर डॉक्टर टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन देतात, त्यात तो सहसा लागत नाही. पायाला सूज आली तर अ‍ॅम्लोडिपिनचा डोस कमी करून जोडीला दुसरं औषध देतात.

हे जोडीचं प्रकरण महत्त्वाचं आहे. एकच औषध वाढवत नेण्यापेक्षा दोन औषधं थोड्या-थोड्या प्रमाणात एकाच गोळीत दिली तर गुण जास्त आणि त्रास कमी, असं जगभर दिसलंय. भारतीयांना कोणती जोडी लागू पडते हे शोधायला ३२ रुग्णालयांत १,९८१ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वेगवेगळ्या जोड्या होत्या, आणि तिन्हींनी सारखंच चांगलं काम केलं. सुमारे ७० टक्के लोकांचा रक्तदाब १४०/९० च्या खाली आला. माझ्या मते या अभ्यासातून घेण्यासारखं हेच की कोणती कंपनी, कोणतं नाव, यावर डोकं शिणवू नये. जी परवडते आणि सतत मिळते, ती घ्यावी.

एक इशारा. दिवस गेलेल्या किंवा मूल हवं असलेल्या बाईने टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल यांतलं काही घ्यायचं नाही. बाळाला घातक आहे. चिठ्ठी जुनी असेल तर पहिल्यांदा डॉक्टरांना सांगायचं.

८. "सवय लागंल" ही भीती सगळ्यात जास्त माणसं मारते

"एकदा चालू केली की जन्मभर घ्यावी लागती, म्हणून मी चालूच करीत नाही." हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलंय की आता ते कानावर पडलं की मी हातातलं काम ठेवतो आणि त्या माणसाला बसायला स्टूल देतो. गोळी रक्तदाब बरा करत नाही, धरून ठेवते. विहिरीवरची मोटार बंद केली की पाटाचं पाणी थांबतं, म्हणून शेताला मोटारीचं व्यसन लागलं असं कुणी म्हणत नाही.

गोळी सुटते त्याची कारणं तशी साधी असतात. रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणून बंद केली. नवरात्रात मोहटादेवीचे उपास, म्हणून नऊ दिवस बंद. पाहुण्यांच्या लग्नाला गेलो, गोळ्या घरी राहिल्या. कंपनी बदलली, पाकिटाचा रंग बदलला, म्हणून ही आपली नव्हेच. शेजारच्या अण्णांनी तीच गोळी घेऊन पण त्यांना अटॅक आलाच, मग काय उपयोग. सून म्हणाली, किती गोळ्या खाता. आणि शेवटचं कारण, जे कुणी सांगत नाही पण मला दिसतं: महिनाअखेरीला पैसे नसतात, तेव्हा घरातल्या बाईची गोळी पहिल्यांदा थांबते, पुरुषाची नंतर.

उपासाला पाण्याबरोबर गोळी चालते. पाकिटाचा रंग बदलला तर मागच्या बाजूचं बारीक नाव वाचा किंवा आम्हाला विचारा. पैशाची अडचण असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आयुष्मान आरोग्य मंदिरात गोळ्या मोफत आहेत, जनऔषधी दुकानात फार स्वस्त आहेत. हे सांगितल्याने माझं गिऱ्हाईक कमी झालं तरी मला चालेल.

आणि सकाळी घ्यायची की रात्री? ब्रिटनमध्ये २१,१०४ लोकांना पाच वर्षांहून जास्त काळ पाहून २०२२ मध्ये उत्तर मिळालं: काही फरक नाही. जी वेळ चुकणार नाही ती तुमची वेळ. देवपूजेनंतर, सकाळच्या चहाबरोबर, कशाही बरोबर जोडून टाका.

९. अंगदुखीची गोळी बीपीच्या गोळीचं काम बिघडवते

डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन आणि त्यांची बाकीची मंडळी अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, रक्तदाब वाढवतात आणि टेल्मिसार्टन-रॅमिप्रिलचा असर कमी करतात. बीपीची गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असलेला माणूस उन्हात दिवसभर राबतो, पाणी कमी पितो आणि संध्याकाळी पाठदुखीची गोळी घेतो, तेव्हा तिन्ही बाजूंनी किडनीवर भार येतो. किराणा दुकानात सुटी मिळणारी पेनकिलर ही आमच्या भागातली मोठी आपत्ती आहे, असं मला मनापासून वाटतं. सर्दीच्या काही गोळ्या आणि भोंदू डॉक्टरच्या पुडीतलं स्टेरॉइडही रक्तदाब वाढवतात. औषध कुठलंही घ्या, आधी तोंड उघडून सांगा: मला बीपी आहे.

१०. मीठ

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅम म्हणते, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, सगळ्या स्वयंपाकातलं मिळून. भाकरीच्या पिठात मीठ, ठेच्यात मीठ, लोणचं, पापड, फरसाण, आणि ताटात वरून आणखी एक चिमूट. ती वरची चिमूट पहिल्यांदा बंद करा. चीनमधल्या ६०० खेड्यांत जवळजवळ २१,००० लोकांचा अभ्यास झाला. निम्म्या गावांना नेहमीचं मीठ, निम्म्या गावांना चौथा भाग पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं. २०२१ मध्ये निकाल आला: बदललेल्या मिठाच्या गावांत लकवा १४ टक्क्यांनी कमी. आपल्याकडेही असं मीठ मिळतं, पण किडनीचा आजार असेल किंवा पोटॅशियम वाढवणारी गोळी चालू असेल तर ते धोक्याचं आहे. डॉक्टरांना विचारूनच आणा.

११. दसरा ते पाडवा हा आमचा खरा प्रश्न आहे

पाथर्डी, शेवगाव, जामखेड आणि पलीकडचा बीड जिल्हा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला इथली माणसं ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटेच्या अंधारात फडावर जायचं, मोळ्या बांधायच्या, वेळी-अवेळी गाडी आली की ती भरायची, आणि राहायचं पाचटाच्या कोपीत. दवाखान्यात जायचं तर खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. मग रक्तदाब मोजायला जाणार कोण? पावसाळ्यात नियमित गोळ्या नेणारी जोडपी दिवाळीनंतर माझ्या काउंटरवर दिसत नाहीत. गुढीपाडव्याला परततात तेव्हा त्यांतल्या एखाद्याचा हात कायमचा लुळा असतो. मला हे दर वर्षी बघावं लागतं आणि त्याची सवय होत नाही.

असं झालंच पाहिजे असं नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकार, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना आणि राज्य सरकारांनी मिळून उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम पाच राज्यांतल्या २५ जिल्ह्यांत सुरू केला. महाराष्ट्रातून सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे होते. आमचं नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, त्या पहिल्या फेरीत नव्हतं. त्यात नवं औषध एकही नव्हतं. सगळ्या डॉक्टरांनी एकाच ठरलेल्या क्रमाने जुनीच औषधं द्यायची, औषधांचा साठा तुटू द्यायचा नाही, एका वेळी निदान महिन्याच्या गोळ्या द्यायच्या, घराजवळच्या केंद्रात नर्सने रक्तदाब मोजायचा आणि न आलेल्या माणसाला शोधून काढायचं. पहिल्या टप्प्यातल्या २१,८९५ रुग्णांपैकी नोंदणीच्या वेळी २६.३ टक्क्यांचा रक्तदाब काबूत होता. पुढे तो ५९.८ टक्क्यांचा काबूत आला. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने या कामाला पुरस्कार दिला. गोळ्या त्याच, फक्त त्या माणसापर्यंत पोचत राहिल्या.

आणि माणसापर्यंत पोचायचं कसं, हे आमच्याच जिल्ह्याने जगाला शिकवलंय. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. त्यांनी गावातल्याच बायकांना, ज्यांतल्या कित्येक शाळेत गेलेल्या नव्हत्या, आरोग्याचं काम शिकवलं. गर्भवतीची तपासणी, बाळंतपण, बालकांचं वजन, कुष्ठरोग आणि क्षयाची औषधं. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि जामखेड बघायला जगभरातून डॉक्टर आले. पुढे त्या कार्यकर्त्यांच्या कामात मधुमेह आणि रक्तदाबाचीही भर पडली. अक्षरओळख नसलेली बाई जर क्षयाच्या गोळ्या महिनोन् महिने चुकू देत नसेल, तर ऊसतोडीच्या टोळीतली दहावी झालेली पोरगी रक्तदाबाच्या गोळ्या का सांभाळू शकणार नाही? दंडावरचं मशीन चालवायला तिला अर्ध्या दिवसात शिकवता येईल.

दुसरं असं, की हा जिल्हा ऊसतोड मजूर पाठवतो आणि बोलावतोही. प्रवरेच्या काठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा केला. आज त्याच लोणीत वैद्यकीय महाविद्यालय आणि मोठं रुग्णालय आहे. कोपरगाव, संगमनेर, राहुरी, सगळीकडे कारखाने आहेत, आणि त्यांच्या शेजारी दवाखाने आहेत. कारखान्याच्या गेटवर उसाच्या गाडीचं वजन रोज होतं. त्याच ठिकाणी आठवड्यातून एकदा मजुरांचा रक्तदाब मोजणं आणि अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन या तीन गोळ्यांचा साठा ठेवणं, याला लागणारा खर्च एका हंगामाच्या उलाढालीत दिसणारही नाही. मुकादमांनी टोळीची यादी करताना बीपी-शुगर असलेल्यांच्या नावापुढे खूण करावी, आणि त्यांच्या दवाखान्याच्या दिवसाचा खाडा धरू नये. आरोग्य केंद्रांनी दसऱ्याआधी ऊसतोडीला निघणाऱ्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात. कोरोनाच्या काळात जास्त दिवसांच्या गोळ्या दिल्या गेल्या, म्हणजे हे करता येतं.

आणि निघणाऱ्या घरांना माझी विनंती. चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. गोळ्या प्लास्टिकच्या बरणीत घट्ट झाकण लावून न्या, कोपीत ओल असते. औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम नवरा-बायको दोघांनाही पाठ हवं. गोळ्या संपायला आठवडा राहिला की जिथे असाल तिथल्या सरकारी दवाखान्यात जा. कोणत्याही जिल्ह्यातल्या माणसाला तिथे औषध मिळतं. ऊसतोडीला न जाणाऱ्या वाचकांना एवढंच: वय तिशीच्या पुढे असेल आणि गेल्या वर्षभरात तुमच्या दंडाला पट्टा लागला नसेल, तर या आठवड्यात जवळच्या उपकेंद्रात जाऊन रक्तदाब मोजून घ्या. तिथे पैसे लागत नाहीत.